धान निघाल्यावरची कबड्डी

भंडारा जिल्ह्यात कबड्डीचा हंगाम धान ठरवतो. हलका धान दिवाळीच्या आगेमागे कापून होतो, भारी धान त्यानंतरही काही आठवडे बांध्यांत उभा असतो. मग त्याची कापणी, भारे बांधणं, पुंजणे रचणं, चुरणी. हे सगळं होईस्तोवर गावातला एकही धडधाकट पोरगा संध्याकाळी मोकळा सापडत नाही. धान बांधीतून उचलला गेला, त्याच ओलीवर फेकलेली लाखोळी हिरवी दिसू लागली, की शाळेच्या पटांगणात कुणीतरी टाचेनं रेघ ओढतो आणि चढाई सुरू होते. तिथून थेट होळीपर्यंत आमच्या साकोली-लाखनीच्या पट्ट्यात क्वचितच असा आठवडा जातो, की जवळपासच्या कुठल्याच गावी रात्रीचे सामने नाहीत.

वर्षभराची सगळी हौस आम्ही या तीन-चार महिन्यांत करून घेतो. दिवाळीच्या पाडव्याला गुरांच्या पूजेचं गायगोधन होतं आणि भाऊबीजेपासून मंडया लागतात. प्रत्येक गावाच्या मंडईचा दिवस वेगळा, म्हणून सोयरे-धायरे एका गावाहून दुसऱ्या गावी सहज फिरतात. दुपारी बाजार, रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या याच दिवसांत गावोगाव पोहोचतात आणि पहाटेपर्यंत खेळ रंगतो. याच झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावच्या मंडपातसुद्धा टाळ्या वाजल्या. नाटकाची दखल घ्यायला सरकारला उशीर झाला, पण दखल घेतली गेली. पानठेल्याच्या फळीवर नाटकाच्या रंगीत पोस्टरशेजारी एका रंगात छापलेलं एक पत्रक चिकटवलेलं असतं. ‘भव्य कबड्डी सामने’, खाली वजनगट, प्रवेश फी, पहिलं-दुसरं-तिसरं बक्षीस आणि बक्षीस देणाऱ्यांची नावं. त्या पत्रकावरच्या खेळाची दखल कुणी घ्यायची, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं आहे.

मी खेळाडू नव्हतो. तरुणपणी आमच्या मंडळाला चांगलं अक्षर असलेला माणूस हवा होता, म्हणून मला गुणलेखकाच्या टेबलाशी बसवलं, आणि पुढे अनेक हिवाळे मी तिथेच बसलो. मैदानापासून हातभर अंतरावर बसून खेळ पाहायला मिळाला. तिथून जे दिसतं, ते बांबूच्या कठड्यामागच्या गर्दीला दिसत नाही. चढाईला निघण्याआधी पोराच्या पोटऱ्या कशा थरथरतात ते दिसतं. कोपऱ्यातला गडी श्वास रोखून चढाई करणाऱ्याच्या गुडघ्याकडे बघत असतो, चेहऱ्याकडे नाही, हेही मला तिथेच कळलं.

मैदान तयार करणं हेच मोठं काम. आमची माती चिकण, धानाची. तशीच ठेवली तर वाळून दगड होते आणि गुडघे फोडते. म्हणून वरची माती खोदून चाळायची, खडे-काचा वेचायच्या, टँकरनं पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, मग रोलर फिरवायचा. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. ते गावच्या कुणा गवंड्याच्या टेपनं मोजलं जातं, आणि काटकोन बसतो का हे तो दोरी लावून पाहतो. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. चुन्याच्या रेघा पहिल्या तासातच पुसल्या जातात, म्हणून आता नायलॉनच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकतात. चार कोपऱ्यांना बांबू, त्यावर हॅलोजन. ग्रामपंचायतीकडून वीज, कुणाच्या तरी घरून सतरंज्या, सरपंचांच्या हातून नारळ. या कामाला मजुरी नाही. दिवसभर दुसऱ्याच्या घरावर विटा रचून आलेली पोरं रात्री अकरापर्यंत माती चाळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच मातीवर खेळतात.

संघात कोण असतात? एक गवंडी, एक ट्रॅक्टर चालवणारा, तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती वाहणारा एक, आयटीआयचे दोघे, बुटीबोरीच्या कारखान्यातून मंडईसाठी सुटी काढून आलेला एक. आणि हमखास दोन-तीन पोरं पोलीस भरतीची तयारी करणारी. ती पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, गोळा फेकतात आणि रात्री चढाई करतात. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींच्या बाजूनं येणारे संघ अंगानं दणकट. पवनीकडचे, वैनगंगेच्या काठचे, पायांनी चपळ. हा माझा टेबलावरून झालेला समज आहे, पण गावोगावच्या जाणत्यांनाही तो मान्य आहे. एखाद्या गावची ओळख तिथल्या डाव्या कोपऱ्यावरून असते. त्या कोपऱ्यातला गडी लग्न होऊन, पोराबाळांचा बाप होऊन खेळायचा थांबला, तरी पुढची दहा वर्षं लोक म्हणतात, त्या गावचा घोटा सुटत नाही.

एका रात्रीत बारा-चौदा सामने. बाद पद्धत, हरला तो घरी. बाहेरगावचे संघ दुपारीच टेम्पोतून उतरतात, शाळेच्या वर्गात पोती अंथरून पडतात, त्यांना गावातून जेवण जातं. आपल्याच संघाला हरवायला आलेल्या पोरांना बाया भात वाढतात आणि आग्रह करतात. “घे गा, चढाई करा लागते ना तुले.” रात्री दोनच्या पुढे उपांत्य सामने सुरू होतात. पुस महिन्याची थंडी असते, कडेला शेकोट्या पेटलेल्या असतात आणि म्हातारी माणसं घोंगडी पांघरून बसलेली असतात. उघड्या पायांनी, उघड्या मांड्यांनी ती पोरं ओल्या मातीवर उतरतात. ध्वनिक्षेपकावरचा समालोचक आता घसा बसलेल्या आवाजात अर्धं मराठीत, अर्धं झाडीबोलीत बोलत असतो. शेवटची तीन मिनिटं, एका गुणाचा फरक, मैदानात दोन गडी उरलेले आणि समोरून चढाई. पंच कान देऊन ‘कबड्डी, कबड्डी’ ऐकतो. वरच्या पातळीवरच्या, नियमांच्या खेळात चढाईला ३० सेकंद असतात, पण इथे घड्याळाआधी दम ऐकला जातो. त्या दोघांनी त्याला धरलं तर अव्वल पकड, दोन गुण, सामना फिरला. नाही धरलं तर लोण. अशा वेळी हजारभर माणसं एकदम गप्प होतात. मी कबड्डी आवडते म्हणून सांगत नाही, माणसं एकत्र येऊन एका गोष्टीकडे इतक्या मनापासून पाहतात असं मला गावात दुसरीकडे कुठेच दिसलं नाही. ग्रामसभेत नाही, मंदिरातही नाही.

मुलींचं मला वेगळं सांगायलाच हवं. शाळेच्या तालुका, जिल्हा स्पर्धांत आमच्या मुली सुंदर खेळतात. धानाच्या चिखलात वाकून रोवणी केलेल्या त्यांच्या कमरा आणि पाय असे काही भक्कम असतात की पकडीतून निसटणं कठीण. पण बारावी झाली की त्या मैदानावर दिसत नाहीत. गावच्या रात्रीच्या सामन्यांत महिला गट फार थोड्या ठिकाणी ठेवला जातो, आणि ठेवला तरी दुपारच्या उन्हात, उद्‌घाटनाआधी उरकला जातो. हे चूक आहे. ज्या मंडळांना पहिलं बक्षीस वाढवायला देणगी मिळते, त्यांना महिला गटासाठी ती मिळणार नाही असं होऊच शकत नाही.

आता इंग्लंडकडे वळतो, कारण तिथल्या एका गोष्टीनं मला माझ्या गावच्या सामन्यांबद्दल विचार करायला लावलं. टीव्हीवर दिसणारी प्रीमियर लीग आपल्या शहरांतल्या मुलांना पाठ असते. तिच्याखाली आणखी तीन व्यावसायिक श्रेणी आहेत. त्या चौघींच्या खाली जे फुटबॉल चालतं, त्याला तिकडे नॉन-लीग म्हणतात, आणि ते विस्तारानं वरच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. लहान शहरं, कोळशाच्या खाणींची गावं, बंदरं, खेडी. बहुतेक खेळाडू दिवसा सुतारकाम, शिकवणं, गाडी चालवणं करतात आणि मंगळवारी रात्री, शनिवारी दुपारी खेळतात. तिकिटं विकणारे, गवत कापणारे, चहा देणारे गावकरीच, बिनपगारी. पाचव्या पायरीवरच्या नॅशनल लीगमध्ये २४ संघ आणि प्रत्येकाचे ४६ सामने, ऑगस्टपासून वसंतापर्यंत. पाऊस, चिखल, बर्फ, काही असो. त्याच्या खाली उत्तर-दक्षिण, मग आणखी खाली प्रादेशिक साखळ्या, मग जिल्ह्याजिल्ह्यांच्या. आणि या सगळ्या पायऱ्या एकाच जिन्याच्या आहेत. जिंकला तो संघ वर जातो, हरला तो खाली येतो.

ल्यूटन टाउन हा संघ २००९ साली व्यावसायिक श्रेणीतून खाली पडला. पाच हंगाम नॉन-लीगमध्ये खेळला, २०१४ साली वर आला आणि २०२३ साली थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा खाली उतरला, तरी एका गावाचा संघ नऊ वर्षांत तिथवर जाऊ शकला, कारण जिना होता. त्यांच्या एफए कपमध्ये तर सातशेच्या आसपास संघ उतरतात. ऑगस्टमध्ये अगदी खालचे संघ आपापसांत खेळायला लागतात, त्यांतले टिकलेले जानेवारीत देशातल्या सर्वांत मोठ्या संघांसमोर उभे राहतात. ५ फेब्रुवारी १९७२ रोजी हेरफर्ड या नॉन-लीग संघानं चिखलानं भरलेल्या मैदानावर पहिल्या श्रेणीतल्या न्यूकॅसलला २-१ असं हरवलं. बरोबरीचा गोल लांबून मारणारा रॉनी रॅडफर्ड पेशानं सुतार होता. तो गोल आज पन्नास वर्षांनंतरही तिकडे दाखवला जातो. हेरफर्डचा तो क्लब २०१४ साली कर्जापायी बंद पडला, तेव्हा चाहत्यांनी नव्यानं क्लब उभा केला आणि २०१५ साली खालच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात केली. कुठून सुरुवात करायची हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्याकडे जिनाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. जिल्ह्याची निवड चाचणी होते, तिथून विदर्भाच्या संघात जाता येतं. कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भ हा महाराष्ट्राहून वेगळा संघ म्हणून उतरतो, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेकांना ठाऊक नसतं. तिथून पुढे भारताचं शिबिर, प्रो कबड्डीची बोली. पण हा जिना एकट्या पोरासाठी आहे. गाव त्यावर चढू शकत नाही. साकोली तालुक्यातला एखादा संघ सलग तीन हिवाळे प्रत्येक स्पर्धा जिंकला, तरी चौथ्या हिवाळ्यात तो त्याच ठिकाणी, त्याच बाद पद्धतीत, पहिल्या फेरीपासून उभा राहतो. त्यातला सर्वांत चांगला चढाईपटू उचलला गेला तर गावाला आनंद होतो, मिरवणूक निघते, आणि पुढच्या मंडईला संघ दुबळा होतो. तिकडे गाव चढतं, इकडे पोरगा गावाबाहेर पडतो. दोन्ही देशांतल्या खालच्या खेळातला हा फरक मला पैशांच्या फरकाहून मोठा वाटतो.

२०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा आमच्या गावात पहिल्यांदा लोकांनी कबड्डी टीव्हीवर पाहिली. पहिल्या हंगामात आठ संघ, पुढे २०१७ पासून बारा. पुण्याचा आहे, मुंबईचा आहे, विदर्भाचा नाही. तरी त्या लीगनं या खेळाला जी प्रतिष्ठा दिली, ती मी नाकारणार नाही. पूर्वी आई-बाप म्हणायचे, हातपाय मोडून येशील. आता तेच बाप सामन्याच्या रात्री कठड्याला टेकून उभे असतात. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं दहाव्या हंगामाचं विजेतेपद मिळवलं. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला. आमच्या पोरांनी तो सामना मोबाइलवर एकमेकांच्या खांद्यांवरून पाहिला. पण लीग मॅटवर खेळली जाते, बूट घालून. चिकणमातीवर, अनवाणी पायांच्या बोटांनी जमीन धरून खेळायला शिकलेला पोरगा मॅटवर पहिल्या दिवशी अडखळतो. माती घसरू देते आणि सावरूही देते, मॅट पाय धरून ठेवते. जिल्ह्याच्या ठिकाणी मॅट असते, गावात नसते. निवड चाचणीच्या दिवशी ही एक गोष्ट किती पोरांना मागे ठेवते, ते टेबलाशी बसलेला माणूस सांगू शकतो.

आणि कागद. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीतल्या पोरांच्या दृष्टीनं ही फार मोलाची गोष्ट. पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतलं यश लागतं. गावच्या सामन्यांत मिळालेली प्रमाणपत्रं, आमदारांच्या हस्ते घेतलेली ढाल, घराच्या फळीवर रांगेनं मांडलेले पत्र्याचे चषक, यांतलं काही त्यासाठी चालत नाही. ते चालावं असं मी म्हणत नाही, नियमाला आधार लागतो. पण आमच्या गावातला एक पोरगा, ज्याची पकड मी शेकडो वेळा कागदावर मांडली, तो तीनदा भरतीला गेला आणि तीनदा थोडक्यात राहिला. आता तो हैदराबादच्या बाजूला इमारतींच्या कामावर आहे. त्यानं मला एकदा विचारलं, “मामाजी, मी येवढे वर्षं खेळलो, हे कुठी लिहून आहे का जी?”

मी सगळं लिहिलं होतं. गुणपत्रकावर दोन्ही संघांचे आकडे आधीच छापलेले असतात, गुण मिळाला की आकडा खोडायचा. बोनसची खूण वेगळी, लोणाची वेगळी. सात खेळणाऱ्यांची आणि पाच राखीवांची नावं, कुणी किती गडी टिपले, कुणी किती पकडी केल्या, मध्यंतराचा गुण, शेवटचा गुण, पंचांच्या सह्या. एका सामन्याचं इतकं नेमकं चित्र दुसऱ्या कशातच नसतं. आणि ते गुणपत्रक सकाळी कुठे जातं? अंतिम सामना पहाटे संपतो, ढाल घेऊन पोरं नाचत निघून जातात, मंडप सोडायला लागतात. टेबलावरचे कागद सतरंजीबरोबर गोळा होतात, दहीवड्याच्या द्रोणांबरोबर ढिगात जातात. फार तर कोषाध्यक्षाच्या पिशवीत जातात, तिथून हिशेब झाल्यावर चुलीत. आमच्या गावात कबड्डीचे सामने माझ्या वडिलांच्या तरुणपणापासून होतात. त्यांतल्या पहिल्या तीस वर्षांतला एकही सामना आज कागदावर नाही. कोण जिंकलं हे विचारलं तर तीन म्हातारे तीन उत्तरं देतात, आणि तिघेही आपापल्या सोयऱ्यांच्या गावाचं नाव घेतात.

इंग्लंडातला शेफील्ड एफसी १८५७ साली स्थापन झाला. जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून तो ओळखला जातो, आणि तो आजही नॉन-लीगच्या खालच्या पायऱ्यांवरच खेळतो. मोठी विजेतेपदं त्याच्याकडे नाहीत. पण स्थापनेनंतर लगेच, १८५८ साली हातानं लिहिलेले खेळाचे नियम आणि बैठकांच्या वह्या त्यांनी जपल्या होत्या. २०११ साली लंडनच्या लिलावात त्या कागदांना ८,८१,२५० पौंड मिळाले. पैशांसाठी मी हे सांगत नाही. दीडशे वर्षं कुठल्या तरी सचिवानं त्या वह्या पुढच्या सचिवाच्या हाती दिल्या, घरं बदलली, युद्धं झाली, तरी दिल्या, हे मला थोर वाटतं. तिकडचा सामान्य चाहता आपल्या लहानशा संघाबद्दल सांगू शकतो की १९३० साली आपण कितव्या स्थानावर होतो, त्या शनिवारी किती प्रेक्षक आले होते, गोल कुणी केला. त्याच्या आजोबांनी पाहिलेला सामना त्याच्या वहीत आहे. म्हणून तो हरणाऱ्या संघासाठीसुद्धा पावसात उभा राहतो.

आपल्या विदर्भातही असं भान होतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलं. त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे गेलं आणि भारतीय खेळांबरोबर कबड्डीही त्यांनी युरोपच्या लोकांपुढे खेळून दाखवली. ते आपल्याला आज ठाऊक आहे, कारण त्या मंडळानं आपली कागदपत्रं आणि छायाचित्रं सांभाळली. कबड्डी १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत आली आणि भारतानं सुवर्ण जिंकलं, तेही नोंदलेलं आहे. २०१८ साली जकार्तात भारताचा पुरुष संघ इराणकडून उपांत्य सामन्यात हरला, तेही. वरच्या मजल्याची नोंद आहे. तळमजल्याची नाही, आणि सगळा भार तळमजल्यावर आहे.

मला विचारलं जातं की गावच्या सामन्यांना आता तेवढी गर्दी राहिली आहे का. राहिली आहे. पण पूर्वी आसपासच्या पंधरा गावांतले संघ यायचे, ते आता कमी झाले, कारण सात गडी एका वेळी गावात असणंच अवघड झालं आहे. पोरं नागपूरला, हैदराबादला, पुण्याला. काही ठिकाणी मंडळं पैसे देऊन बाहेरचे खेळाडू उतरवतात, निवडणुकीच्या वर्षी तर बक्षिसांचे आकडे एवढे वाढतात की दूरदूरचे तयार संघ येऊन सगळं घेऊन जातात. तशा स्पर्धेत खेळ उत्तम होतो, हे खरं. पण समोर जो चढाई करतो आहे, त्याच्या घरी आपण परवा पुंजणा चुरायला गेलो होतो, ही ओळख त्यात नसते. माझ्या मते गावच्या कबड्डीचा जीव त्या ओळखीत आहे. बक्षीस पाच हजारांचं असलं तरी चालेल, संघ गावातलेच असावेत.

मग काय करता येईल? जिल्ह्यात गावसंघांची साखळी व्हावी, दर तालुक्यातून वर जाणारे संघ ठरावेत, भंडाऱ्याच्या मैदानावर अंतिम फेरी व्हावी, हे मला फार हवं आहे. सातच तालुके आहेत. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी. धान निघाल्यापासून होळीपर्यंतचे आठवडे त्याला पुरेसे आहेत. पण त्याला संघटना लागेल, पैसा लागेल, पंच लागतील, पाच-सात वर्षं लागतील. तोवर थांबायचं कारण नाही.

इंग्लंडात २०१० पासून वर्षातला एक शनिवार नॉन-लीग दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी मोठ्या संघांचे सामने नसतात आणि लोकांना सांगितलं जातं, आज तुमच्या जवळच्या छोट्या मैदानावर जा. आपल्याला तसा दिवस वेगळा नेमायला नको, मंडई आहे. पुण्या-मुंबईत, नागपुरात राहणारे भंडाऱ्याचे हजारो लोक मंडईला गावी येतात, नाटक पाहतात, परततात. त्यांनी एक रात्र कठड्याशी उभं राहावं. आणि एक जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर विकत आणून मंडळाला द्यावं. त्यात तारीख, दोन्ही गावांची नावं, बारा-बारा खेळाडूंची पूर्ण नावं, मध्यंतराचा आणि शेवटचा गुण, पंचांची नावं उतरवून घ्यावी. गुणपत्रकांचे मोबाइलवर फोटो काढावेत आणि रजिस्टर शाळेच्या कपाटात, ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात ठेवावं, कुणाच्या घरी नको. महिलांचा सामना झाला तर तोही त्याच रजिस्टरात, त्याच क्रमानं लिहावा.

गेल्या काही हिवाळ्यांपासून आमच्या गावात असं रजिस्टर सुरू झालं आहे. ते आता अकरावीतली एक मुलगी लिहिते. तिचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे. तुमच्या गावी येत्या मंडईला सामने असतील, तर अंतिम सामना संपल्यावर टेबलाजवळ जा आणि ते कागद मागून घ्या.